पोचलं म्हणून लिहिलेलं पार्सल

मी जन्माची भित्री. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी म्हणायला नको की बाईनं स्वतःला शूर करून घेतलं. कुत्र्याला भ्यायची, मेघ गडगडला की भ्यायची, मोठ्यानं बोलणाऱ्या माणसाला तर फारच भ्यायची. आठवणी लिहायचं माझं वय नाही असं घरातले म्हणतात. केसांत दोन-चार पांढरे दिसतात तेवढंच. पण अनोळखी नंबरचा फोन वाजला की अजून माझा हात आधी ओढणीला पुसला जातो, मग फोन उचलते. माझा मुलगा हसतो त्याला. ही सवय मला माहूरला लागली, अब्बांच्या जागी मी पार्सलं वाटत होते त्या वर्षात.

आम्ही मूळचे मुखेडचे, जातीनं मणियार, म्हणजे बांगड्या भरणारे. अम्मी अहमदपूरची, तिच्या माहेरीही तोच धंदा. माहूरला देवीच्या दर्शनाला आलेली बाई हिरवा चुडा भरल्याशिवाय परत जात नाही, म्हणून अब्बांनी लग्नानंतर इथं गडाच्या पायथ्याला दुकान टाकलं. दुकान म्हणजे चार बांबू, वर ताडपत्री आणि खाली अम्मीची सतरंजी. राहायला मागच्या गल्लीत पत्र्याच्या दोन खोल्या. सकाळी देवळाचा भोंगा, मग आमची अजान, मग जीपवाल्यांचे हॉर्न, आणि या सगळ्यात डोक्यावरच्या पत्र्यावर वानरांच्या उड्या. धडाड्‌ धूम, धडाड्‌ धूम. आमच्या घरात कुणाला गजराचं घड्याळ लागलं नाही. घरी आम्ही दखनीच बोलायचो, पण इथं मराठीत लिहिते, नाहीतर माझा मुलगा वाचायचा नाही.

माहूर डोंगरावरचं गाव, आणि वरून देवस्थान. म्हणजे महागाईला दोन्ही हातांनी आवतण. भाजीचा टेम्पो खालून यायचा आणि प्रत्येक वळणाला टमाट्याचा भाव चढत यायचा, असं अम्मी म्हणायची. उन्हाळ्यात पाणी टँकरचं. नवरात्र आलं की घरमालक हात जोडून दारात उभा, "पुढची खोली आठ दिस मोकळी करून द्या, यात्रेकरू ठेवायचेत." आम्ही पाचही जण मागच्या खोलीत, आणि भाडं मात्र दोन्ही खोल्यांचं. खायला ज्वारीची भाकर, अंबाड्याची भाजी, वरून लसणाचं तेल. शुक्रवारी खिचडी आणि खट्टा, म्हणजे चिंचेचं आंबट सार. त्या खट्ट्याचा वास आला की दोघं धाकटे भाऊ शाळेतून पळत यायचे. त्यात कमी काही वाटायचं नाही, खरंच. कमी पडायचं ते महिन्याच्या विसाव्या-बाविसाव्या तारखेला, जेव्हा अम्मी डब्यात हात घालून नुसतंच खुडबुड करायची.

पुढं बायका बांगड्यासुद्धा मोबाईलवर मागवायला लागल्या. अब्बा वैतागले, आणि एक दिवस त्याच बांगड्या पोचवायच्या कामाला लागले. कुरिअर. एका पार्सलमागं चौदा रुपये. बसस्टँडमागच्या लॉजवर द्या नाहीतर गड चढून वर द्या, चौदाच. पेट्रोल आपलं, पंक्चर आपलं, फाटलेली पिशवीसुद्धा आपलीच. चांगल्या दिवशी तीसेक पार्सलं यायची, एरवी बारा-पंधरा. तरी अब्बा खूश होते, कारण दर आठवड्याला पैसे खात्यात पडायचे. मग श्रावणात घाटाच्या वळणावर स्कूटी घसरली आणि अब्बांचा पाय दोन जागी मोडला.

आता खरी गोष्ट सुरू होते. काम अब्बांच्या नावावर, ज्याला सगळे आयडी म्हणायचे. ती आयडी आठ-दहा दिवस बंद राहिली की नांदेडच्या ऑफिसमधले सर दुसऱ्या कुणाला देणार. माहूरमध्ये तीन पोरं टपूनच होती. म्हणून ठरलं, की पाय बरा होईपर्यंत आयडी अब्बांची आणि वाटणार मी. बारावी झाली होती, स्कूटी येत होती. रोज सकाळी मोबाईल अब्बांचा फोटो मागायचा. खाटेवर पडल्या पडल्या अब्बा कंपनीचा टी-शर्ट चढवायचे, केस विंचरायचे, आणि ऐटीत फोटो काढायचे. खाली लुंगी आणि मांडीपर्यंत प्लास्टर. धाकटे फिदीफिदी हसायचे. मी मात्र आधी दाराला कडी घालून यायची. सरांना कळलं तर आयडी गेली, आणि आयडी गेली तर त्या घरात येणारा एकमेव नेमाचा पैसा गेला. अब्बांनी मला बजावलं होतं, "फोन आला तर तू बोलू नको. माझ्याकडं आणून दे. आणि कुणी तक्रार करील असं काही करू नको बेटा. एक तक्रार झाली की ते माणूस बघायला येतेत."

दुसरी गोष्ट त्यांनी शिकवली ती धंद्यातली. पार्सल दिलं की गिऱ्हाईकाच्या मोबाईलवर आलेला कोड विचारायचा आणि आपल्या मोबाईलमध्ये टाकायचा. कोड पडला की नावापुढं हिरवी खूण येते, म्हणजे माल पोचला. पण गडावर त्या काळी फोन कसाबसा लागायचा, नेट मात्र चालायचं नाही. वर जाऊन कोड टाकायचा म्हटलं तर मोबाईलवरचं चाक नुसतं गरगर फिरत राहायचं. म्हणून सगळेच पायथ्याशी उभं राहून गिऱ्हाईकाला फोन लावायचे, कोड आधीच घ्यायचे, "पोचलं" करून टाकायचे आणि मग वर चढायचे. लोकही बिनघोर कोड द्यायचे. गावातलीच तर माणसं. मीही तसंच करायची, आणि मला त्यात कधी काही वावगं वाटलं नाही.

तिसरी गोष्ट पिशवीची. कंपनीच्या पिशवीची चेन गेली. नवीन पिशवीचे साडेसहाशे कापणार म्हणाले. अम्मी म्हणाली, उगीच कशाला, आणि ओटीच्या खणांच्या उरलेल्या कापडाची तिनं मस्त पिशवी शिवून दिली, लाल-हिरवी, लांब बंदांची. माहूरच्या माणसाला इथंच कळायला हवं होतं. गडावरच्या वानरांना माणसं ओळखू येत नाहीत, पण ओटीची पिशवी बरोबर ओळखू येते. त्यात खोबरं असतं, केळं असतं, पेढा असतो. मी ती पिशवी नेहमी पायांमध्ये दाबून ठेवायची. नेहमी म्हणजे, त्या एका दिवसापर्यंत.

गडावर पायऱ्यांच्या कडेला कौसाबाई तांबूल कुटून विकायच्या. विड्याची पानं, कात, बडीशेप, सगळं लोखंडी खलात घालून दिवसभर ठक्‌ ठक्‌ ठक्‌. साठीच्या पुढच्या, एकट्या. कान पार गेलेले. गिऱ्हाईक बोटं दाखवायचं, तेवढ्या पुड्या त्या बांधायच्या. त्यांचा मुलगा नामदेव हैदराबादला कुठल्याशा गोदामात रखवालीला होता. आईशी फोनवर बोलता येत नाही म्हणून तो जीपवाल्यांना फोन करून विचारायचा, "आमची म्हातारी दिसली का? जेवून राहिली ना?" त्यानं आईसाठी कानाचं मशीन मागवलं. आठ हजार सातशेचं. पैसे आधीच भरलेले, आणि कोड त्याच्या मोबाईलवर.

मी पायथ्याशी थांबून त्याला फोन लावला. "ताई, आजच द्या बरं," तो म्हणाला. "दोन वरसं झाली, आईनं माझा आवाज ऐकला न्हाई." आणि कोड दिला. मी टाकला. हिरवी खूण आली. पिशवी स्कूटीच्या आरशाला लटकवलेली होती, कारण एका हातात फोन, दुसऱ्या हातात कागद. मागून काहीतरी सर्रकन गेलं. वळून बघते तर काळ्या तोंडाचं हे एवढं थोराड वानर, आणि आमच्या अम्मीनं शिवलेली पिशवी त्याच्या हातात.

मी ओरडलेसुद्धा नाही. ते चिंचेवर चढलं, तिथून दरीकडच्या उंबरावर. निवांत बसून त्यानं पिशवी उलटी केली. एक साडी खाली पडली, एक चपलांचा जोड पडला. मग छोटा पांढरा खोका त्यानं दातानं फाडला, आतलं काही तोंडात घालून पाहिलं, आवडलं नाही, आणि दिलं दरीत भिरकावून. मी काट्याकुट्यातून खाली उतरले. साडी मिळाली, चपला मिळाल्या. खोका मिळाला, फाटका, रिकामा. मशीन केवढं असतं? शेंगदाण्याएवढं. त्या करवंदीच्या जाळीत मी दुपारपर्यंत हात घालत होते. हात रक्ताळले, ओढणी फाटली, आणि मला सारखं एकच दिसत होतं, आमच्या दारात नांदेडचे सर उभे आहेत आणि खाटेवर अब्बा लुंगीत.

घरी येऊन अब्बांना सांगितलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. माझा बापही भित्राच होता, हे मला त्या दिवशी कळलं. तोवर मला वाटायचं हा गुण अम्मीकडच्यांचा. त्यांनी हळूच विचारलं, "कोड पडला होता?"

"हाव."

"मग पोचलं. मोबाईल म्हणतोय पोचलं. तू कुणाला काही बोलू नको."

"पण अब्बा, ते पोचलं कुठं..."

"आयडी गेली तर काय खायचं, सांग. तुझ्या भावांची फी, हे भाडं. खामोश बस."

मी खामोश बसले. खोका बांगड्यांच्या रिकाम्या पुठ्ठ्यांमागं दडवला. दुसऱ्या दिवशी नामदेवचा फोन आला. आवाजात नुसता आनंद. "ताई, घातलं का आईनं? ऐकू येऊन राहिलं का?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "हाव, दिलं की." बास. तेवढे तीनच शब्द. तो म्हणाला, "लई उपकार झाले. आता शुक्रवारी आई पानं आणायला खाली उतरली की तुमच्या दुकानातून फोन लावून द्या, बोलतो तिच्याशी."

तो सोमवार होता. शुक्रवारपर्यंतचे चार दिवस मी कसे काढले ते मलाच ठाऊक. फोन वाजला की घामेजलेला हात आधी ओढणीला पुसायची, मग उचलायची. वर गडावर पार्सल असलं तर कौसाबाईंच्या दुकानासमोरून जाताना मान खाली घालायची, आणि तो खलबत्ता ठक्‌ ठक्‌ माझ्याच नावानं वाजतोय असं वाटायचं. त्या माझ्याकडं बघून हसायच्या, कारण मुलानं काहीतरी पाठवलंय एवढं त्यांना जीपवाल्यानं हातवारे करून सांगितलं होतं. "माझं कवा आणतीस गं?" त्या विचारायच्या. मी मान हलवायची. हो म्हणून की नाही म्हणून, ते मलाही सांगता आलं नसतं.

गुरुवारी अम्मीला खोका सापडला. ती विचारायच्या आतच मी रडत सगळं ओकले. ती तशीच उठून दुकानात गेली आणि एका बाईला चुडा भरायला बसली, मी मागोमाग. बाई उमरखेडकडची, हात थोराड, बांगडी चढेना. अम्मी तळवा दाबून दाबून चढवत होती. कट्‌कन एक फुटली. अम्मीनं तुकडे बाजूला सारले, दुसरी घेतली. तीही फुटली. बाई ओशाळली, "दोन्हीचे पैसे घ्या भाभी, माझाच हात दांडगा." अम्मी म्हणाली, "न्हाई बाई. भरताना फुटली ती आमची. तुमच्या मनगटावर बसली की मग तुमची." हे वाक्य मी जन्मल्यापासून ऐकत आले होते. मुखेडला दादी म्हणायची, अहमदपूरला नानी म्हणायची. आमच्यातलं कुणीही फुटक्या बांगडीचा पैसा घेत नाही. बाई गेल्यावर अम्मी माझ्याकडं न बघता तुकडे गोळा करत म्हणाली, "मनगट बघितल्याबिगर बांगडी भरली म्हणून सांगायचं, हे कुठून शिकलीस? अब्बांचं ऐकू नको. ते घाबरलेत. उद्या सकाळी वर जा."

"अम्मी, आयडी जाईल."

"जाईल," अम्मी म्हणाली. "मला काय भ्याव वाटत न्हाई होय?"

शुक्रवारी सकाळी, कौसाबाई खाली उतरायच्या आत, मी तो फाटका खोका घेऊन वर गेले. शुक्रवार, देवीचा वार, पायऱ्यांवर ही गर्दी. मी ठरवलं होतं, हळूच त्यांच्याजवळ बसायचं, कानात सांगायचं, पाया पडायचं. आणि तिथं पोचल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला, की ज्या बाईला ऐकूच येत नाही तिला हळूच कसं सांगणार? मी म्हणाले, "मावशी, तुमचं मशीन हरवलं." त्यांनी कानामागं हात धरला. "आँ? मोठ्यानं बोल की." मी थोडं मोठ्यानं म्हणाले. "आगं, तोंडात काय धरलंयस? मोठ्यानं!" शेजारचा नारळवाला वळून बघायला लागला. पण तिसऱ्यांदा मी डोळे मिटले आणि आयुष्यात कधी ओरडले नव्हते तशी ओरडले, "मावशी! तुमच्या कानाचं मशीन वानरानं नेलं! मी ते पोचवलंच नाही! पोचवलं म्हणून खोटं लिहिलं! नामाला पण खोटं सांगितलं!"

सगळ्या दुकानांतले खल थांबले. पायऱ्या चढणारी माणसंसुद्धा थांबली. अर्ध्या गडाला कळलं, की बापाच्या नावावर काम करणारी मणियाराची पोर खोटं लिहिते. त्यांतल्या कुणीही एक फोन केला असता तर संपलं होतं. कौसाबाईंनी माझ्या हातातला खोका घेतला, उलटापालटा करून पाहिला, दातांच्या खुणांवरून बोट फिरवलं. मग मला ओढून खाली बसवलं आणि म्हणाल्या, "नाम्याला सांगू नगंस."

मला वाटलं माझीच ऐकण्यात चूक झाली.

"त्यो रात-रात जागून पैका जमवतो," त्या म्हणाल्या. "वांदरानं नेलं म्हनलं तर पुन्हा धाडील आन सवता उपाशी ऱ्हाईल. त्येला सांग, मिळालं. म्या बोलते त्येच्याशी. तू माझ्या कानात वरड, त्यो काय म्हनला ते."

असं ते सुरू झालं. दर शुक्रवारी अम्मीच्या दुकानात कौसाबाई सतरंजीवर बसायच्या. मी नामदेवला फोन लावायची, त्याचं बोलणं ऐकायची, आमचा आवाज त्याला जाऊ नये म्हणून बटण दाबायची आणि त्यांच्या कानाला तोंड लावून ओरडायची, "पगार झाला म्हणतो! दिवाळीला येतो म्हणतो!" मग बटण सोडायची आणि त्या ऐटीत म्हणायच्या, "हाव रे बाळा, लई सपष्ट ऐकू येतंय." तो विचारायचा, "आई, मधीमधी गप का होतीस गं?" त्या म्हणायच्या, "तोंडात पान हाय." अम्मी तोंडाला पदर लावून हसायची. मी कधी हसले नाही. दर शुक्रवारी माझा घाम निघायचा, की आज बटण चुकणार, आज त्याला माझा आवाज जाणार. आणि रोज सकाळी वाटायचं, आज गडावरच्या कुणीतरी नांदेडला फोन केला असणार. कुणी केला नाही, आणि जीपवाल्यांनीही नामदेवला काही कळू दिलं नाही. फक्त नारळवाला मला बघून विचारायचा, "काय गं, आज कोन्त्या वांदराचं पार्सल हाय?" ते ऐकलं की मी दोन-दोन पायऱ्या एकदम चढायची.

रोज दोन पार्सलांचे अठ्ठावीस रुपये मी बांगड्यांच्या एका डब्यात टाकायला लागले. कधी पेट्रोलला काढावे लागायचे, एकदा धाकट्याच्या तापाला काढले. अब्बांचा पाय सुटला, ते पुन्हा स्वतः जायला लागले, पण गडावरची पार्सलं माझ्याकडंच राहिली. गडावर ओरडले त्या दिवसापासून वर जाताना मी आधी कोड घेत नसे. आधी पार्सल हातात द्यायचं, कोड कागदावर लिहून घ्यायचा, आणि खाली नेट मिळालं की टाकायचा. दोन खेपा व्हायच्या कधीकधी. अब्बा पेट्रोलच्या नावानं बोटं मोडायचे. दिवाळीला नामदेवला सुट्टी मिळाली नाही. खोटं कशाला बोलू, मला हायसं वाटलं.

डबा भरायला वर्षाच्या वर लागलं. मशीन मागवलं, तसंच, त्याच कंपनीचं. अब्बांच्याच आयडीवर आलं. मी ते ओढणीच्या आत, छातीशी धरून पायऱ्या चढले. वानरं कठड्यावर बसून बघत होती. वर जाऊन कौसाबाईंच्या कानात मीच ते बसवलं, दोनदा खाली पडलं तेव्हा कुठं बसलं. मग मशीनचं आवाज वाढवायचं छोटं चाक फिरवलं. त्यांनी एकदम खलाकडं पाहिलं, मग वर झाडाकडं. मी समोर बसले. वर्षभर त्यांच्या कानात ओरडून माझा घसा बसला होता, पण आता ओरडायची गरज नव्हती. मी माझ्या नेहमीच्या आवाजात विचारलं, "मावशी, येतंय का ऐकू?"

त्या माझ्या तोंडाकडं बघत राहिल्या. त्यांचे डोळे भरून आले. हातातला बत्ता बाजूला ठेवून त्यांनी माझ्या गालावर हात ठेवला, विड्यानं लाल झालेला.

"आगं माय," त्या म्हणाल्या, "एवढी भिऊन बोलतीस व्हय गं तू?"